दिवसाची वाट : बायबलकाळातील प्रवास आणि भीमेचा काठ

बायबलच्या जुन्या आणि नव्या करारांत माणसे सतत चालत असतात. ऊरहून हारानला, हारानहून कनानला, दुष्काळात मिसरला, पाडावात बाबेलला, तेथून परत यरुशलेमला, गालीलातून सणाला आणि सण आटोपून पुन्हा गालीलात, असा हा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालू असतो; पण ही माणसे किती कोस चालली याचा आकडा त्या ग्रंथांत क्वचितच मिळतो. अमुक ठिकाण तीन दिवसांच्या वाटेवर आहे, अमुक डोंगरापासून सीमेपर्यंत अकरा दिवस लागतात, अशाच नोंदी बहुतेक ठिकाणी आहेत. आजचा वाचक त्यांचे किलोमीटर करू लागला की एका दिवसाचे तीस किलोमीटर धरतो, त्यांना दिवसांनी गुणतो आणि हिशेब संपला असे मानतो. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो, आणि तो का चुकतो हे भीमेवरच्या उजनी धरणाच्या काठी, म्हणजे करमाळा, माढा आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यांत, पॅलेस्टाईनच्या नकाशापेक्षाही स्पष्ट कळते. हजारोंनी मिळून पायी चालण्याची रीत या मुलखात आजही दरवर्षी पाळली जाते, आणि नदीने अडवलेल्या वाटेचा अनुभव येथील गावांना कालपरवापर्यंत होता व निराळ्या रूपात आजही आहे. दिवसाची वाट किती लांब, हे चालणाऱ्याच्या पायांतील बळापेक्षा त्याच्या सोबतीला कोण आहे, पाणी कोठे आहे आणि नदी केव्हा उतार देते, यांवरून ठरत असे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

प्रथम सड्या माणसाचा, म्हणजे ओझे आणि लटांबर नसलेल्या वाटसरूचा वेग पाहणे सोयीचे ठरेल. इ.स.पूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इराणी साम्राज्याच्या सुसा ते सार्डिस या राजमार्गाचे वर्णन करताना रोजची चाल १५० स्टेडिया धरली आणि त्या हिशेबाने हा मार्ग चालायला ९० दिवस लागतात असे सांगितले. स्टेडियम हे ग्रीकांचे अंतराचे माप असून ते साधारण १८५ मीटरचे भरते. म्हणजे ही चाल दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरची झाली. लूकच्या शुभवर्तमानात यरुशलेमपासून साठ स्टेडियांवर असलेल्या अम्माऊस गावी दोन शिष्य चालत जातात आणि दिवस कलल्यावर तसेच माघारी फिरतात. हे जाऊन-येऊन बावीस किलोमीटरच होते आणि त्या काळी त्यात कोणाला नवल वाटण्याजोगे काही नव्हते. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की ज्याला घाई असेल त्याने शोमरोनातून जाणारी वाट धरावी, म्हणजे गालीलाहून यरुशलेम तीन दिवसांत गाठता येते. हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या घरात असल्यामुळे येथे रोजची चाल पस्तीस-चाळीसपर्यंत जाते, पण योसेफसने घाईची अट आधीच घातलेली आहे. कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल असे धरले, तर आठ-दहा कोसांची मजल ही तरण्या, मोकळ्या माणसाची मजल होय, आणि ती यार्देनेच्या काठी जेवढी होती तेवढीच भीमेच्या काठीही होती.

मात्र बायबलातील बहुतेक माणसे सडी नाहीत. त्यांच्याबरोबर बायका आहेत, अंगावरची पोरे आहेत, म्हातारे आईबाप आहेत, मेंढरे आहेत आणि कधीकधी मंदिराचे सोनेरुपेही आहे. एज्रा हा शास्त्री बाबेलच्या पाडावातून लोकांना घेऊन यरुशलेमकडे निघाला, त्या प्रवासाची नोंद त्याच्या नावाच्या पुस्तकात तिथीवार आहे: पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी निघणे ठरले, अहवा नावाच्या ओढ्याकाठी तीन दिवस तळ पडला, तेथून बाराव्या दिवशी कूच झाले आणि पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मंडळी यरुशलेमला पोहोचली. बाबेल आणि यरुशलेम यांच्यातील सरळ रेषेतील अंतर साडेआठशे किलोमीटरांच्या आसपास असले तरी त्या रेषेवर वाळवंट आहे, म्हणून वाट फरात नदीच्या काठाने वर उत्तरेला जाते, मग पश्चिमेला वळते आणि शेवटी दक्षिणेला उतरते. अशी ती चौदाशे किलोमीटरांहून लांब होते. पंधराशेच्या आसपास पुरुष आणि त्यांचे कुटुंबकबिले यांनी ती साडेतीन महिन्यांहून अधिक काळ चालून पुरी केली, म्हणजे सरासरीने दिवसाला बारा-तेरा किलोमीटर पडले. हेरोडोटसच्या वाटसरूची ही जवळजवळ निम्मीच चाल आहे.

या संथपणाचे कारण उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाच्या तोंडी आलेले आहे. त्याचा भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन भेटायला येतो आणि आता बरोबरच चालू असे म्हणतो, तेव्हा याकोब विनवणी करतो की मुले कोवळी आहेत, मेंढ्या-गाई पाजत्या आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल, म्हणून आपण पुढे व्हावे, मागची मंडळी जनावरांच्या आणि पोरांच्या चालीने येतील. इंदापूर-बारामती-फलटण पट्ट्यातील धनगरांना या विनवणीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे चार-सहा कुटुंबांचा मेंढरांसह फिरणारा तळ, कोकणच्या किंवा चाऱ्याच्या दिशेने निघतो तेव्हा घोड्याच्या पाठीवर पाल, भांडीकुंडी आणि पीठ यांच्यावर नुकती जन्मलेली कोकरे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एखादे चालता न येणारे पोर बसवलेले असते, आणि त्या दिवशी कोठवर जायचे हे वाटेत किती मेंढ्या विणार आणि कोणत्या शेतकऱ्याने खतासाठी रानात मेंढरे बसवायला बोलावले आहे, यावर ठरते. अशा वाड्याने दिवसाला किती अंतर काटले हा प्रश्नच तेथे गैरलागू असतो; ठरलेल्या ऋतूत ठरलेल्या मुलखात पोहोचणे एवढेच महत्त्वाचे असते. अब्राहाम आणि याकोब यांच्या घराण्यांचा प्रवास समजायचा असेल तर तो रोमन सडकेवरच्या वाटसरूच्या मापाने न मोजता या वाड्याच्या मापाने मोजला पाहिजे.

तथापि सगळ्यात मोठे साम्य वारीत आहे. जुन्या करारातील नियमाप्रमाणे इस्राएलाच्या पुरुषांनी वर्षातून तीन सणांना, म्हणजे वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण या वेळी, देवासमोर हजर व्हायचे असे, आणि त्या निमित्ताने गावेच्या गावे यरुशलेमची चढण चढू लागत. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे अशाच यात्रेकरूंची मानली जातात. भीमेच्या खोऱ्यात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या आहेत, आणि उजनीच्या परिसराला तर अनेक पालख्यांच्या वाटा वेढून जातात. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीवरून नीरा ओलांडून अकलूजला उतरते. त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची पालखी जेऊर-कंदरच्या बाजूने करकंबकडे जाते. आणि पैठणची एकनाथांची पालखी परांड्यावरून कुर्डूमार्गे येते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा घातली, आणि आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी लावून दिली. ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, दिवस सतरा-अठरा, म्हणजे सरासरी चौदा किलोमीटर. एज्राच्या मंडळींची सरासरी आणि ही सरासरी यांत फरक नावापुरताच आहे, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांचे व दोन मुलखांचे अंतर असताना हे व्हावे, यात योगायोगापेक्षा माणसांच्या समूहाचा स्वभाव अधिक आहे. सरासरीच्या पोटात मात्र मोठे चढउतार असतात. दिवे घाट चढून पुण्याहून सासवडला जाण्याचा टप्पा तीस किलोमीटरांच्या आसपास आहे, तर लोणंद ते तरडगाव हा टप्पा जेमतेम आठ किलोमीटरांचा. काही ठिकाणी पालखी दोन-दोन रात्री मुक्कामाला असते. तेव्हा तीन दिवसांची वाट असे एखाद्या जुन्या ग्रंथात वाचले, तर त्यातला एखादा दिवस तिसाचा आणि एखादा आठाचा असू शकतो, हे अभ्यासकाने मनात बाळगले पाहिजे.

वारीच्या रचनेकडे जवळून पाहिले तर लूकच्या शुभवर्तमानातील एक कोडेही सुटते. बारा वर्षांच्या येशूला घेऊन योसेफ आणि मरिया सणासाठी यरुशलेमला गेले, परत फिरताना मुलगा मागेच राहिला आणि आईबापांना ते एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळले. एवढा वेळ आईबापांना पोराची आठवण कशी झाली नाही, असा प्रश्न घरच्या मोटारीने जत्रेला जाणाऱ्या वाचकाला पडतो. दिंडीत चाललेल्या माणसाला तो पडणार नाही. दिंडी म्हणजे एका फडाच्या किंवा गावाच्या वारकऱ्यांचा ठरावीक क्रमाने चालणारा गट. आळंदीच्या सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात आणि मागे त्यांच्या कितीतरी पट. वीणेकरी, टाळकरी, पखवाजी, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया अशी ओळ लागली की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि पोर चुलत्याच्या किंवा शेजारणीच्या हाताशी असते, आणि ते कोणाच्या तरी हाताशी आहे एवढ्यावर दिवसभर सगळे निर्धास्त असतात. खरी मोजदाद मुक्कामाला होते. माउलींच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, लाखभर माणसांचा गलबला थांबतो, आणि मग कोणाच्या दिंडीतील कोण चुकले, कोणाची काय वस्तू सापडली, याचा पुकारा होतो. लूकनेही आईबापांचा शोध नेमका पहिल्या दिवसाच्या वाटेच्या शेवटी आणि नात्यागोत्यातल्या व ओळखीच्या माणसांत सुरू झालेला दाखवला आहे. ही घटना लिहिणाऱ्याला जत्थ्याने चालण्याची रीत चांगली ठाऊक होती, एवढे या एका तपशिलावरून निश्चित म्हणता येते.

किती दिवस या प्रश्नाला कोणत्या दिवसांत हा दुसरा प्रश्न नेहमी चिकटलेला असतो. मिश्ना, म्हणजे इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेला यहुदी धर्मनियमांचा संग्रह, या बाबतीत मोलाचा आहे. मंडपांचा सण शरद ऋतूत संपला की पावसासाठी प्रार्थना सुरू करायची असते. पण रब्बान गमलिएलाच्या मताप्रमाणे ती सणानंतर पंधरा दिवस थांबवून धरावी, म्हणजे सणाला आलेल्यांपैकी शेवटचा माणूस फरात नदीपर्यंत पोहोचेल, असे त्यात सांगितले आहे. पूर्वेकडे परतणाऱ्या एका यात्रेकरूचे अंथरूण-पांघरूण भिजू नये म्हणून सगळ्या देशाने पावसाची मागणी पुढे ढकलायची, हा नियम त्या समाजाची चालणाऱ्याविषयीची आस्था तर दाखवतोच, शिवाय यरुशलेम ते फरात या अंतराला किती दिवस धरले जात याचा विश्वसनीय आकडाही देतो. भीमाकाठचा हिशेब याच्या उलट आहे, कारण आषाढी वारी ऐन पावसाच्या तोंडावर येते. तरीही करमाळा, माढा, मंगळवेढा या भागातल्या कुणब्याला घर सोडणे जमे, याचे कारण त्याच्या शेतीत आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरडा राहिलेला प्रदेश. त्याचे मुख्य पीक रब्बीची ज्वारी असून तिची पेरणी भाद्रपद-आश्विनात होते. मृगाचा पाऊस झालाच तर बाजरी-तूर टाकायची, आणि मग पंढरीची वाट धरायची. कार्तिकी येते तेव्हा ज्वारी पेरून झालेली असते. उजनीचे पाणी आल्यावर बारमाही ऊस झाला आणि हे वेळापत्रक बदलले, तरी ज्या शेतीने वारीची तिथी सोसली ती शेती उसाची नव्हती.

राजांच्या स्वाऱ्यांनाही असाच ऋतू होता. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात वसंत ऋतू हा राजांनी लढाईला निघण्याचा काळ म्हणून येतो, कारण तेथे हिवाळ्यात पाऊस पडतो आणि वाटा चिखलाच्या होतात. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढून दसऱ्याला सीमोल्लंघन करीत. समुद्राचे गणित आणखी कडक होते. प्रेषित पौल त्रोवसहून नियापुलीस दोन दिवसांत पोहोचला, पण पुढे त्याच समुद्रातून फिलिप्पैहून त्रोवसला परत येताना पाच दिवस लागले. आणि रोमला जाताना हिवाळा लागल्यामुळे त्याला माल्टा बेटावर तीन महिने अडकून पडावे लागले. एकाच अंतराला दोन दिवस आणि पाच दिवस अशी दोन उत्तरे एकाच पुस्तकात, प्रेषितांच्या कृत्यांत, मिळतात, ही गोष्ट किलोमीटरांच्या मागे लागलेल्यांनी विसरू नये.

बरोबरच्या शिध्यावरूनही प्रवासाची लांबी ओळखली जात असे. यहोशवाच्या पुस्तकात गिबोनचे लोक आपण फार लांबून आलो असे भासवण्यासाठी जुनी गोणपाटे, फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, ठिगळे लावलेल्या वहाणा आणि वाळून बुरसलेली भाकर बरोबर घेऊन येतात आणि इस्राएलाचे पुढारी ती भाकर पाहून फसतात, जरी गिबोन तेथून जेमतेम एक-दोन मजलांवर होते. भाकर किती शिळी आणि वहाण किती झिजली हाच त्या काळी प्रवासाचा दाखला होता, आणि तो खोटा करता येतो हे गिबोन्यांनी ओळखले. सोलापूरकडच्या माणसाला हा दाखला वाचता येईल: ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, म्हणून लांबच्या वाटेला दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या देतात, त्या दोन-तीन दिवस मऊ राहतात, त्यापुढे भाजलेले पीठ, शेंगदाणे, चटणी आणि गूळ. दशम्या संपायच्या आत जिथे चूल मांडता येईल असे ठिकाण गाठायचे, हे गणित घरच्या बाईला ठाऊक असे, आणि त्यावरून कोण किती दिवसांच्या वाटेला निघाला हे गावालाही कळे.

येथवर तुलना झाली. पण बायबलच्या काळात याच मुलखात लोक किती चालत होते, याचाही एक थेट पुरावा उपलब्ध आहे. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातील ग्रीक नाविक-व्यापाऱ्याचे मार्गदर्शक टिपण असून ते ढोबळमानाने पौलाच्याच शतकातले आहे. बॅरिगाझा म्हणजे भरुच, तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात लिहिले आहे, आणि पैठणहून गोमेदासारखे खडे व तगरहून साधे कापड, मलमल असा माल गाड्यांतून अवघड मुलूख तुडवत भरुचला येतो असेही म्हटले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, उजनीपासून पूर्वेला सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आजही त्या व्यापाराची साक्ष देते, आणि तेरला सापडलेली हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी जोडून अभ्यासली जाते. भरुच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर आणि पैठण ते तेर दीडशे; वाटेची वळणे धरली तरी मालाच्या गाडीची चाल दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटर निघते. तेरची दिशा वास्तविक आग्नेयेची असताना पूर्व लिहिली गेली, यावरून लिहिणारा स्वतः तिथवर गेला नसावा आणि त्याने दिवसांचा आकडा गाडीवानांकडून ऐकला असावा असा तर्क करता येतो. आकडा मात्र जमिनीशी चांगला जुळतो. यरुशलेमच्या रस्त्यावर येशूच्या पिढीची माणसे चालत होती तेव्हा तेरचे कापड बैलांच्या याच चालीने बंदराकडे जात होते, आणि पुढे शेकडो वर्षे लमाणांचे तांडे, म्हणजे धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बैलांचे काफिले, याहूनही संथ चालत राहिले, कारण बैलाला वाटेतच चरायचे असते.

बातमीची चाल तेवढी वेगळी होती. एस्तेरच्या पुस्तकात राजाची फर्माने वेगवान घोड्यांवरून जातात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि दहाच दिवसांत ती बातमी भेलशाजवळ असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली. पण फर्मान आणि बातमी यांना पोटाला लागत नाही. त्यांचा वेग माणसांच्या प्रवासाला लावण्याची चूक टाळली पाहिजे. त्याचप्रमाणे प्रत्येक आकडा अक्षरशः घेण्याचीही चूक टाळली पाहिजे. याकोब मेंढरे घेऊन हारानहून पळाला, तीन दिवसांनी त्याचा सासरा लाबान याला कळले, आणि सात दिवस पाठलाग करून त्याने याकोबाला गिलादात गाठले असे उत्पत्तीत आहे. पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर कळपासह दहा दिवसांत तोडले असे यातून निघते, आणि ते याकोबाच्याच पुढच्या विनवणीशी विसंगत आहे. सात, चाळीस हे आकडे त्या वाङ्मयात पूर्णत्वाचे आकडे आहेत. याउलट होरेबहून कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवस हा अनुवाद नावाच्या पुस्तकातील आकडा कोणत्याही संकेतात बसत नाही, आणि म्हणूनच तो एखाद्या जाणत्या वाटाड्याचा वाटतो.

आता नदीकडे वळले पाहिजे, कारण वाटेचा खरा धनी तीच होती. यार्देन आणि भीमा या नद्यांत एक विलक्षण साम्य आहे: दोघींना पूर येतो तेव्हा काठावरचे आभाळ कोरडे असू शकते. यार्देनेला सुगीच्या दिवसांत पूर येतो, असे यहोशवाच्या पुस्तकात स्पष्ट आहे, आणि तो हर्मोन पर्वताचे बर्फ वितळून येतो. भीमेला भीमाशंकर आणि मावळातल्या पावसाने पूर येतो आणि करमाळ्या-माढ्याच्या शेतकऱ्याला आपल्या रानात थेंब नसताना नदी दुथडी वाहताना दिसते. म्हणून दोन्हीकडे उताराची जागा, जेथे नदी पसरट होऊन कमरेएवढ्या पाण्यातून पार करता येते, तिला गढीपेक्षा अधिक मोल होते. शास्त्यांच्या पुस्तकात गिलादी लोक शत्रूची वाट अडवतात ती यार्देनेचे उतार ताब्यात घेऊन. भीमेवर असे उतार गावागणिक होते. उन्हाळ्यात नदी डोहाडोहांत राहिली की करमाळ्याच्या तीरावरचा माणूस पायी इंदापूरच्या बाजाराला जाई, पावसाळ्यात कोळ्यांच्या होडीने जाई, आणि पाणी फारच चढले की दोन्हीही बंद होऊन थांबून राही. सोयरिकी या उतारांच्या आधाराने जुळल्या. लेकीचे माहेर नदीपलीकडे असणे म्हणजे लांब असणे नव्हते.

या चालीत पहिली मोठी उलथापालथ रेल्वेने केली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस भीमेकाठच्या डिकसळला आला, १८५९ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. पुणे ते सोलापूर ही दहा-बारा मुक्कामांची वाट एका दिवसात आली, जरी बोरघाटाची चढण १८६३ पर्यंत लोहमार्गाविना असल्यामुळे मुंबईचा उतारू तेवढा टप्पा पालखीने, तट्टावरून किंवा पायीच ओलांडत होता. पुढे १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली आणि वारकऱ्याला पहिल्यांदाच आगगाडीने थेट पंढरीला पोहोचता येऊ लागले. तरी पायी वारी मोडली नाही, हे लक्षात घेतले तर प्रवासाचा हेतू केवळ पोहोचणे हा नव्हता असे मानावे लागते. याच लोहमार्गावर, उजनीच्या वरच्या अंगाला, दौंड तालुक्यात केडगाव आहे, आणि तेथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून पुरे झाले. रमाबाईंचे बालपण आईबापांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी फिरण्यात गेले, १८७४ च्या दुष्काळात आईबाप गेले आणि त्यानंतर भावाबरोबर हजारो मैल चालत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. उपाशी पोटी चालणे म्हणजे काय हे देहाने जाणणारा भाषांतरकार अब्राहामाच्या आणि एज्राच्या वाटेला मराठीत लाभला, हे मराठी वाचकाचे मोठे भाग्य आहे.

दुसरी उलथापालथ धरणाची. माढा तालुक्यातील उजनी येथे १९६६ मध्ये धरणाची पायाभरणी झाली आणि १९८० मध्ये ते पुरे झाले. यशवंतसागर या नावाच्या त्या जलाशयात ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी मावते. या पाण्याने कोरडवाहू मुलूख हिरवा केला आणि सोलापूरची तहान भागवली, हे निर्विवाद आहे. पण त्याच पाण्याखाली उतार गेले, पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ गेले, गावे उठून वर सरकली आणि केत्तूर, वांगी यांसारख्या गावांच्या नावापुढे एक नंबर, दोन नंबर असे आकडे लागले. लोहमार्ग बदलला, आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल पुढे रस्त्याचा पूल म्हणून दोन जिल्ह्यांना जोडत राहिला. ज्या दोन तीरांत पूर्वी हाकेचे आणि उताराचे अंतर होते, त्यांच्यात आता काही किलोमीटर रुंद पाणी आले. होडीने जायचे तर अर्ध्या तासाचे काम, आणि रस्त्याने जायचे तर भीमानगरचा किंवा डिकसळचा वळसा घालून कित्येक पट लांब. प्रवास जलद होत गेलेल्या शतकात ही गावे एकमेकांपासून दूर गेली. या दुराव्याची किंमत फार जड आहे: २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. कुगाव आणि शिरसोडी यांच्यामधील पुलाची मागणी या तीरांवर वर्षानुवर्षे होत आली आहे, ती याच कारणाने.

पूल होईल तेव्हा दोन्ही तीर पुन्हा जवळ येतील, परंतु उतारांची जुनी वाट त्याने परत मिळणार नाही, आणि ती ज्यांनी पायांनी तुडवली ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. यरुशलेमच्या रस्त्यांचे टप्पे ठरवण्यासाठी शंभर-दीडशे वर्षे विद्वान मंडळी खपली. भीमेच्या उतारांची मात्र साधी यादीही झालेली नाही. उन्हाळ्यात साठा खाली जातो आणि पळसनाथाचे शिखर, जुने चिरेबंदी घाट आणि गाडीवाटांच्या खुणा उघड्या पडतात, त्या आठ-पंधरा दिवसांत काठच्या शाळांनी आणि महाविद्यालयांनी म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन प्रत्येक उताराचे नाव, त्याने जोडलेली दोन गावे, किती महिने तो चालू असे, होडी कोणाची होती आणि पलीकडे पोहोचायला किती वेळ लागे, एवढ्या पाच गोष्टी नकाशावर लिहून काढल्या पाहिजेत.